हिसकावलेला ढोल, लादलेला ढोल

गेल्या वर्षीच्या भीमजयंतीला आमच्या डोलवीच्या बौद्धवाडीत एक लहानसा वाद झाला. तो वाद या लेखाचे निमित्त आहे, म्हणून आधी तो सांगतो.

वाडीतल्या पोरांनी डीजे आणायचा नाही असे ठरवले होते. वर्गणी कमी जमली हे एक कारण, आणि डीजेच्या धडधडाटात बाबासाहेबांचे नावही ऐकू येत नाही हे दुसरे. त्यांनी भंगारातून तेलाची पाच रिकामी लोखंडी पिंपे आणली, सोड्याने धुतली, आणि सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी महिनाभर सराव केला. हे वेड त्यांच्या डोक्यात मीच भरवले होते. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर अशाच पिंपांच्या तळातून अख्खे सप्तक काढतात, हे मी त्यांना मोबाईलवर दाखवले होते. पोरांच्या पिंपांतून सप्तक निघाले नाही, ठेका मात्र चांगला निघाला. १४ एप्रिलच्या संध्याकाळी समाजमंदिरापुढे तो सुरू झाला आणि माझी सत्त्याऐंशी वर्षांची आजी काठी टेकत तिथे आली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "ढोल टाकला आमी. तो काय पिंपां बडवायला टाकला?"

ठेका थांबला. पोरे माझ्याकडे बघू लागली. मी वाडीतला पहिला पदवीधर, त्यात कॉलेजात इतिहास शिकवणारा. माझ्यापाशी उत्तर असेल अशी त्यांची समजूत. ते नव्हते. त्या संध्याकाळी जे सुचले नाही ते इथे लिहून पाहतो आहे.

१

आजीचा प्रश्न कुठून आला हे आधी कळले पाहिजे. आमचे मूळ गाव महाड तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. आजा तिथला वाजंत्री. रायगडच्या दक्षिण भागात आणि रत्नागिरीकडे ज्याला खालूबाजा म्हणतात, तो सनई, ढोल, टिमकी आणि झांजेचा ताफा आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. लग्न असो, पालखी असो, शिमग्याचा होम असो, पहिला ठोका आमच्या माणसाचा. आज हे ऐकून कोणाला तो मान वाटेल. पण ज्या कामाला नाही म्हणण्याची सोय नसते त्याला मान म्हणत नाहीत. पालखीपुढे आजा वाजवी, पण पालखीला त्याचा हात लागलेला चालत नसे. लग्नात तो मांडवाबाहेर उन्हात उभा राही आणि सगळी पंगत उठल्यावर त्याच्या फडक्यात वरून अन्न पडे. वर्षाचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे सूपभर भात आणि सणाचा नारळ. मेलेले ढोर ओढायचे आम्ही, त्याचे कातडे हाताळायचे आम्ही, आणि त्या कातड्यावर गावाचे मंगल वाजवायचेही आम्हीच. गावाला आमचा आवाज चालत होता, माणूस चालत नव्हता.

महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, चवदार तळ्याचे पाणी चाखले गेले, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवरचे जगणे सोडा, असेही बजावले होते. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे बिल मांडले. वतन म्हणजे गुलामीची साखळी, आणि ती साखळी भाताच्या सुपाने बांधलेली असते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या डोंगरातल्या वाडीपर्यंत ही समज पोचायला आणखी तीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याला गावाचा सांगावा आला, तेव्हा आजा वाजवायला गेला नाही.

पुढचे सगळे आपल्या वाचकांच्या ओळखीचे आहे. दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. दोन महिन्यांनी आजा-आजी गाव सोडून धरमतरच्या खाडीवर आले. तिथे आजाने आधी गलबतांवर हमाली केली, मग पेणच्या बाजूला मिठागरात राबला. निघण्याआधी त्याने ढोलाचे कातडे कोयत्याने फाडले. लाकडी खोड मात्र आजीने बरोबर आणले आणि त्यात तांदूळ ठेवले. ते खोड आजही आमच्या माळ्यावर आहे. गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ सालचा. म्हणजे कायदा आजाच्या मागून आला.

आजी ज्याला "ढोल टाकला" म्हणते ते हे. त्या दोन शब्दांत एका पिढीची उपासमार आहे.

२

आता त्रिनिदादकडे वळतो. आपल्या नियतकालिकांतून काळ्यांच्या साहित्याची चर्चा गेली पन्नास वर्षे चालू आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली निघालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. पण आपली ही चर्चा मुख्यतः अमेरिकेची आणि मुख्यतः शब्दांची राहिली. वेस्ट इंडीज आपल्याला ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. सुनील गावसकरांनी १९७१ साली तिथे पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या आणि लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर गाणे रचले, एवढे पुष्कळांना माहीत असते. ते गाणे ज्या कॅलिप्सो परंपरेतले आहे ती ऊसमळ्यांतल्या गुलामांच्या वंशजांची आहे, हे कोणी सांगत नाही. एम.ए.ला मुंबईच्या वसतिगृहात असताना मी प्रथम हे संगीत ऐकले आणि तेव्हापासून ते मला सुटलेले नाही.

ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ पासून कायद्याने संपली. उमेदवारीच्या नावाखाली ती आणखी चार वर्षे चालली आणि १८३८ साली लोक खरोखर सुटले. सुटलेल्या माणसांनी रस्त्यावर येऊन ढोल वाजवले, मशाली घेऊन नाच केला. कॅम्बुले हे त्या उत्सवाचे नाव, जळत्या उसाच्या फ्रेंच शब्दावरून पडलेले. मळेवाल्यांना या ढोलाची भीती वाटे. ढोल निरोप पोचवतो, माणसे गोळा करतो, गुडघ्यावर बसलेल्याला उभा करतो. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कॅम्बुलेच्या जमावाची पोलिसांशी मोठी झुंज झाली, आणि १८८४ साली सरकारने कायदा करून ढोल, मशाली व काठ्या घेऊन निघणाऱ्या जमावांवर बंदी घातली.

त्याच वर्षी आपल्या माणसांचीही पाळी आली. मुक्त झालेले काळे मजूर मळ्यांवर पडेल त्या मजुरीला राबेनात, म्हणून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे पहिले जहाज त्रिनिदादला लागले, आणि १९१७ पर्यंत सव्वा लाखाहून अधिक माणसे तिथे गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतांतली, काही मद्रासकडची. त्यांनी मोहरमचे ताबूत तिकडे नेले. त्याला तिथे होसे म्हणतात, आणि त्या मिरवणुकीत हिंदू मजूर असत तसे काळेही असत. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडोच्या वेशीवर या मिरवणुकींवर गोळीबार झाला, किमान १६ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. एकाच वर्षात एकाच सरकारने आफ्रिकेचा ढोलही थोपवला आणि हिंदुस्थानचा ताशाही.

ताशा हा शब्द मी उगाच वापरत नाही. त्रिनिदादमध्ये त्या वाद्याचे नाव आजही ताशाच आहे. मातीचे भांडे, त्यावर बकऱ्याचे कातडे, आणि वाजवण्याआधी ते विस्तवावर शेकायचे. हलगीवाला हलगी शेकतो अगदी तसे. आपल्या कोकणातली करारबद्ध माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, तिथल्या मराठी घरांत अजून जाखडी नाचतात. त्याच बेटावर गुलामांच्या वंशजांचे रावान नावाचे कातडी वाद्य आहे, तेही आधी जाळावर धरतात. जगभर ज्यांच्या हाती कातडे आले त्यांच्या हाती विस्तवही आला.

३

ढोल गेला म्हणून माणसे गप्प बसली नाहीत. त्यांनी बांबू तोडले. लहानमोठ्या लांबीच्या नळ्या जमिनीवर आपटून आणि एकमेकींवर ठोकून ताल धरला. याला टॅम्बू-बॅम्बू म्हणत. १९३० नंतरच्या दशकात त्या बांबूंत बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपांची झाकणे, मोटारीचे ब्रेकड्रम मिसळले. मग पत्र्याने बांबूला मागे टाकले. दुसऱ्या महायुद्धात कार्निव्हलला बंदी होती. १९४५ साली युद्ध संपल्याच्या बातमीवर लोक रस्त्यावर आले ते डबे बडवतच आले. ठोकून ठोकून डब्याला पोच येतो आणि पोचाच्या जागी आवाज बदलतो, हे त्या पोरांच्या लक्षात आले होते. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, नेव्हिल ज्युल्स ही त्यातली नावे. सगळी गरीब वस्तीतली पोरे, कोणी विशीतले, कोणी त्याच्या आतले. बेटावर तेल निघत होते, युद्धात अमेरिकेने तळ उघडले होते, आणि दोनशे लिटरची तेलाची पिंपे जागोजाग पडलेली होती. त्या पिंपाचा तळ हे त्यांचे वाद्य झाले.

डोलवीच्या माणसाला पत्र्याचे नवल नाही. १९९४ साली इथे इस्पातचा स्पंज आयर्नचा कारखाना सुरू झाला, पुढे गरम पत्र्याच्या गुंडाळ्या निघू लागल्या, आणि २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला. खाडीच्या धक्क्यावर खनिज उतरते आणि महामार्गावरून पत्र्याचे ट्रेलर जातात, हे बघतच आमची पिढी वाढली. पण पत्र्यातून स्वर निघतो हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

तो कसा निघतो हे थोडक्यात सांगतो. पिंप पालथे घालून त्याचा तळ घणाने ठोकत ठोकत कढईसारखा खोल करतात. ठोके सारखे पडले पाहिजेत, नाहीतर पत्रा फाटतो. मग त्या खोलगट भागात स्वरांची घरे आखतात आणि कडेने पोगराने टिंबे मारून एकेक घर वेगळे करतात. खर्जासाठी पिंपाची उंची पुरी ठेवतात, वरच्या स्वरांसाठी अंग कापून आखूड करतात. नंतर ते जाळावर तापवतात. शेवटी छोट्या हातोडीने वरून, खालून ठोकत प्रत्येक घर स्वरात आणतात. हे काम कानाचे आहे. एका जागी हातोडी जास्त पडली की शेजारचा स्वर उतरतो. सर्वांत उंच आवाजाच्या पिंपात साधारण २८-२९ स्वर बसतात, मोठे स्वर कडेला आणि बारीक मध्ये. खर्जाचा वादक मात्र सहापासून बारापर्यंत पिंपांच्या मध्ये उभा राहतो, कारण एका पिंपात त्याचे तीनचारच स्वर मावतात. मोठ्या स्पर्धेतल्या एका ताफ्यात शंभरावर वादक असतात आणि त्यांतले बहुतेक कागदावरचे स्वरलेखन न वापरता, ऐकून आणि शेजाऱ्याच्या हाताकडे बघून शिकलेले असतात. आपले शाहीर असेच शिकले.

या वादकांना सुरुवातीला काय मिळाले? पोलिसांची काठी आणि सभ्य घरांची शिवी. पॅन वाजवणारा म्हणजे गुंड, अशीच समजूत होती. ताफ्याताफ्यांत मारामाऱ्या होत हेही खरे आहे. पण ती हाणामारी ज्या दारिद्र्यातून येत होती त्याबद्दल सभ्य माणसे बोलत नसत. व्ही. एस. नायपॉल त्रिनिदादचेच, घर ब्राह्मण. स्टील बँडचा आवाज आपल्याला अजिबात सहन होत नसे, असे त्यांनी त्यांच्या १९६२ सालच्या वेस्ट इंडीजवरील प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. आवड ज्याची त्याची. पण कानालाही जात आणि वर्ग असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

४

याच बेटावर, लोपिनो नावाच्या डोंगरातल्या खेड्यात, १९५० साली जित सामारू जन्मला. करारबद्ध मजुरांच्या वंशातला. आई ढोलक वाजवी आणि गाई. खेड्यात नाताळला स्पॅनिश वळणाची पारांग गाणी होत, तीही त्याच्या कानावर पडली. पुढे टुनापुना भागात त्याने पॅन हातात घेतले, आणि आपल्या भावंडांना शिकवून घरचाच एक ताफा उभा केला. स्वरलेखन तो स्वतःच्या खटपटीने शिकला.

१९७१ साली तो रेनेगेड्स या ताफ्याकडे गेला. याचा अर्थ समजायला त्रिनिदादचे राजकारण ठाऊक हवे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला, पण काळ्यांचा पक्ष वेगळा आणि हिंदी लोकांचा वेगळा, अशी फाळणी पडलेली होती. मळेवाल्यांनी एकाची मजुरी दुसऱ्याकरवी पाडली, त्याची कटुता दोघांच्याही मनात उरली होती. रेनेगेड्स हा पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेकडील काळ्या, गरीब, बदनाम वस्तीतला ताफा. त्यांच्या अंगणात हा लाजरा, सडपातळ हिंदी खेडवळ जाऊन उभा राहिला आणि कोणता स्वर कोणी वाजवायचा ते सांगू लागला. त्यांनी ऐकले.

पॅनोरमा ही स्टील बँडची राष्ट्रीय स्पर्धा १९६३ पासून होते. रेनेगेड्सने ती १९८२ साली प्रथम जिंकली, आणि सामारूच्या हाताखाली एकंदर नऊ वेळा जिंकली. त्यांत १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षे. विजयाच्या पुष्कळ चाली लॉर्ड किचनर या थोर कॅलिप्सो गायकाच्या. १९९५ सालची चाल ब्रायन लाराच्या फलंदाजीवरची. मी त्या ध्वनिमुद्रणांचे कितीदा पारायण केले आहे ते सांगता येणार नाही. धावत्या पाण्यासारखे बारीक स्वर एकावर एक पडत जातात, आणि खालून खर्ज आपल्या ढोलासारखा छातीवर ठोके देत राहतो. सामारू ७ जानेवारी २०१६ रोजी वारला. ज्या वस्तीने आपला शत्रू मानावा असे राजकारण्यांनी शिकवले होते, तिने त्याला आपला मानले होते.

मला या आयुष्यात जे मोलाचे वाटते ते बक्षिसांपलीकडचे आहे. सामारूला कोणी सांगावा धाडून बोलावले नव्हते. त्याने तांदळासाठी वाजवले नाही. तो वाजवायला गेला आणि त्याला निघून येण्याची मोकळीक होती.

५

इथे मला आजीच्या प्रश्नाचे टोक सापडते.

काळ्यांची गुलामी आणि आपली अस्पृश्यता या सारख्याच, असे आपण सभांतून सहज म्हणून जातो. बाबासाहेबांनी असे ढोबळ विधान केले नाही. त्यांनी दोन्ही ठेवून ताडून पाहिल्या. गुलाम ही मालकाची मालमत्ता होती, म्हणून मालक तिची निदान किंमत जाणे. अस्पृश्याची किंमत ठेवण्याचे बंधन कोणावरच नव्हते. हाच भेद ढोलातही दिसतो. त्रिनिदादच्या गुलामाचा ढोल मालकाने हिसकावला, कारण त्या आवाजाने माणसे एकत्र येत. आमच्या गळ्यात ढोल गावाने अडकवला, कारण कातड्याला हात लावून विटाळ घेणारा कोणीतरी हवा होता. त्यांना वाजवू दिले नाही, आम्हाला न वाजवू दिले नाही. म्हणून त्यांचा विद्रोह वाजवण्यात होता आणि आमचा हात आखडण्यात होता. स्प्री सायमनने डबा उचलला आणि माझ्या आजाने ढोल फाडला, ही एकाच इतिहासाची दोन कामे आहेत.

पण आपला नकार संगीताला नव्हता, हेही तितकेच खरे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तीसच्या दशकात गावोगाव चळवळ नेली ती ढोलकीवरच. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) आयुष्यभर गात फिरले. विठ्ठल उमप नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, रंगमंचावरच कोसळले, ते २६ नोव्हेंबर २०१० रोजी. हे सगळे वाजवणारेच होते. ते पालखीपुढे वाजवत नव्हते, एवढाच फरक, आणि तो सगळा फरक आहे.

तमिळनाडूतला दाखला याहून बोलका आहे. तिथे पराई हा ढोल मयताला वाजवणे दलितांवर लादलेले होते. ज्या परैयर जातीच्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृताला शब्द मिळाला, ते नावच या ढोलाचे आहे. तिथल्या कार्यकर्त्यांनी आधी मयताचे वाजवणे नाकारले. मग पुढच्या पिढीने तोच ढोल सभेत, मोर्चात, रंगमंचावर हाती घेतला. आज मुलीही तो वाजवतात. नकार आधी, स्वीकार नंतर. हा क्रम उलटा करता येत नाही.

दोन गोष्टी मात्र आपल्याच माणसांना सांगितल्या पाहिजेत. आम्ही ढोल टाकला, तेव्हा पुष्कळ गावांनी तो मातंगांच्या गळ्यात अधिक घट्ट बांधला. आम्ही सुटलो आणि शेजारच्या भावाला त्यात सोडून आलो. सुटल्याच्या अभिमानात हलगीवाल्याकडे खालच्या नजरेने बघणारे आपल्यातही आहेत. हे बघणे गावाकडून उसने घेतलेले आहे. ते परत केले पाहिजे.

दुसरी गोष्ट मानाची. मी शिकवतो तिथे स्नेहसंमेलनासाठी 'लोककले'चा कार्यक्रम बसवायचा होता. एक सहकारी अगदी सहज मला म्हणाले, "सर, तुमच्याकडे अजून कोणी वाजवणारे असतील ना?" त्यांच्या मनात वाईट नव्हते. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. साठ वर्षांनी पुन्हा सांगावा आला होता, या वेळी माईकवरून सूत्रसंचालनासह. आज पुण्यामुंबईच्या पथकांत सुशिक्षित सवर्ण घरांतली मुलेमुली कमरेला ढोल बांधून वाजवतात. त्यांना कोणी वाजंत्री म्हणत नाही, त्यांच्या घरी कोणी सूपभर भात धाडत नाही. ती संस्कृती ठरते. मला त्यांच्या वाजवण्याचा राग नाही. उलट कातड्याला सगळ्यांचे हात लागावेत हीच माझी इच्छा आहे. पण मग इतिहासही सगळ्यांनी घ्यावा. ढोल तुमचा आणि विटाळ आमचा, ही वाटणी चालणार नाही.

पॅनलाही अशा मानाने घेरलेच. ताफ्यांच्या नावांपुढे तेलकंपन्यांची नावे लागली, शेल इन्व्हेडर्स, अमोको रेनेगेड्स. १९९२ साली पॅन त्रिनिदादचे राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झाले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. पोर्ट ऑफ स्पेनच्या टेकड्यांवरची ज्या वस्तीतली पोरे पत्रा ठोकत होती, ती वस्ती मात्र त्यामुळे श्रीमंत झाली नाही. तरीही एक गोष्ट घडली, तिच्यापुढे मी नम्र आहे. त्रिनिदादच्या राजचिन्हावर कोलंबसाची तीन जहाजे होती. १४९८ साली तो त्या बेटावर उतरला, त्याची आठवण. ती जहाजे काढून तिथे पॅन बसवण्याचा निर्णय २०२४ साली जाहीर झाला आणि २०२५ साली तसा कायदा संमत झाला. ज्या जहाजांमागून गुलामांची जहाजे आली ती पुसली गेली, आणि त्यांच्या जागी गुलामांच्या पणतवंडांनी भंगारातून घडवलेले पिंप आले.

६

हे सगळे मी आजीला एका दुपारी सांगितले. ताशा तिकडेही विस्तवावर शेकतात, हे ऐकून ती हसली. सामारूच्या आईच्या ढोलकाबद्दल तिने दोनदा विचारले. मोबाईलवर रेनेगेड्सचे वादन ऐकवले, तेव्हा डोळे मिटून बसली. तिच्या बोटांनी लुगड्यावर ठेका धरला होता, हे मी पाहिले. मग म्हणाली, "ह्यांना बोलवाय कोन येतो?"

"कोणी नाही. आपले आपण वाजवतात. पैसे ठरवून घेतात. नको असेल तर नाही जात."

ती बराच वेळ गप्प राहिली. "मंग वाजवूंदे पोरांना," ती म्हणाली. "पन गावाचा सांगावा आला तर जायाचा न्हाय."

मी पुस्तके वाचून पाच भागांत जे लिहिले ते तिने दोन वाक्यांत सांगितले. वाजवणे किंवा न वाजवणे हा आपला प्रश्न कधीच नव्हता. ठरवणार कोण, हा होता.

पोरांनी पुन्हा सुरुवात केली आहे. वाडीतला एक जण कंत्राटदाराकडे वेल्डिंग करतो, त्याने घण आणला. दोन पिंपांचे तळ ठोकताना फाटले. तिसरे टिकले आहे. त्यात दोन स्वर स्वच्छ लागतात, तिसऱ्यावर अजून काम चालू आहे.